व्हीएममधील ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड: तयारी, क्रम आणि अडकल्यावरची दुरुस्ती

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातील पतसंस्था, उद्यमबागेतील फौंड्री आणि शाळांची कार्यालये यांच्याकडे बहुधा मागच्या खोलीत एकच सर्व्हर असतो आणि त्यावर दोन ते चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालत असतात. त्या उभारून देणारा माणूस पुण्याला किंवा बंगळूरला निघून गेलेला असतो आणि अपग्रेडची जबाबदारी कार्यालयातल्या संगणक सांभाळणाऱ्यावर येते. अशा ठिकाणांहून मला येणाऱ्या दूरध्वनींत त्याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. व्हीएम चालू असतानाच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या अवस्थेची परतीसाठीची नोंद, घेतलेला असतो, अपग्रेड घरून दूरस्थ जोडणीवर सुरू केलेले असते आणि पडदा थांबताच रीसेट दाबलेला असतो. तिसरी चूक सर्वांत महाग पडते, कारण बिघाड कोणत्या थरात आहे हे सांगणारा पडद्यावरचा मजकूर तिच्यामुळे नाहीसा होतो.

हे तीन थर संपूर्ण लेखभर लक्षात ठेवावेत: खालचा खरा सर्व्हर म्हणजे होस्ट, त्याने दाखवलेले आभासी हार्डवेअर, आणि आतली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे गेस्ट. अपग्रेड गेस्टमध्ये होते म्हणून सगळे गेस्टमध्येच दोष शोधत बसतात आणि त्यात रात्र जाते.

१. मार्ग आधी कागदावर लिहा

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये मधली पायरी गाळता येत नाही. १८.०४ वरून २०.०४, तिथून २२.०४ आणि मग २४.०४ असेच जावे लागते, आणि प्रत्येक पायरीनंतर रीस्टार्ट करून यंत्रणा तपासावी लागते. डेबियन या दुसऱ्या लिनक्सलाही हाच नियम लागू आहे. पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस फाइलमधील आवृत्तीचे नाव हाताने बदलून दोन पायऱ्या एकदम चढण्याचा प्रयत्न केल्यास पॅकेजेस अर्धी जुनी, अर्धी नवी अशी अडकतात आणि त्यातून सरळ परतीचा रस्ता नसतो. रेड हॅट कुटुंबातील सेंटओएस ७ चे सहाय्य ३० जून २०२४ रोजी संपले. त्या कुटुंबातील यंत्रणांसाठी लीप हे अपग्रेडचे साधन आहे आणि त्याचा पूर्वतपासणी अहवाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी यूईएफआय (बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर), सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली यंत्रणाच सुरू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, आणि व्हीएममध्ये या गोष्टी गेस्टने मागून मिळत नाहीत, त्या होस्टने द्याव्या लागतात. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी टीपीएम ७.० आवृत्तीपासून आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पहिल्या पिढीचा (बायोसवर चालणारा) व्हीएम दुसऱ्या (यूईएफआयच्या) पिढीत थेट बदलता येत नाही, म्हणून तिथे नवा व्हीएम करून डेटा हलवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

२. होस्ट आणि आभासी हार्डवेअर तपासा

गेस्टमध्ये २० जीबी जागा रिकामी दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. आभासी डिस्क वाढत्या प्रकारची असेल, तर गेस्टला दिसणारी जागा होस्टवर प्रत्यक्षात नसू शकते. होस्टची डिस्क भरली की व्हीएम मध्येच थांबवला जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला अपग्रेड गोठल्यासारखे दिसते. स्नॅपशॉट घेतल्यानंतर बदललेला प्रत्येक भाग वेगळ्या फाइलमध्ये साठत जातो, त्यामुळे अपग्रेडच्या काळात होस्टवरील जागा झपाट्याने कमी होते. गेस्टच्या डिस्कच्या वापरलेल्या भागाइतकी तरी जागा होस्टवर मोकळी असावी, असा माझा नियम आहे.

दुसरी बाब प्रोसेसरच्या प्रकाराची. क्यूईएमयू किंवा प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालींवरील जुन्या व्हीएमना केव्हीएम६४ हा अगदी मूळ प्रकार दिलेला असतो. रेड हॅट ९ आणि त्यावर आधारलेल्या यंत्रणांना एक्स८६-६४-व्ही२ ही प्रोसेसरची पातळी लागते. ती न मिळाल्यास नवी यंत्रणा पहिल्याच क्षणी प्रोसेसर चालत नाही असा ग्लिबसीचा (लिनक्समधील मूळ लायब्ररीचा) घातक दोष दाखवून थांबते. इथे गेस्टमध्ये दुरुस्त करण्यासारखे काहीही नसते. व्हीएम बंद करून प्रोसेसरचा प्रकार 'होस्ट' केला की काम होते.

*तपासणी:* सर्व्हरचा यूपीएस किती मिनिटे टिकतो हे मोजून पाहा. पावसाळ्यात खानापूरकडे दिवसातून चार वेळा करंट जातो आणि पॅकेजेस बसत असताना वीज गेली, तर ज्या स्थितीत यंत्रणा सापडते ती दुरुस्त करायला सर्वांत अवघड असते. बॅटरी अर्ध्या तासापेक्षा कमी टिकत असेल आणि जनरेटर नसेल, तर आधी बॅटरी बदलावी.

३. प्रत घ्या, आणि ती परत आणून पाहा

स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. तो त्याच डिस्कवर राहतो आणि मूळ फाइलवर अवलंबून असतो, त्यामुळे होस्टची डिस्क गेली तर दोन्ही जातात. क्रम असा ठेवावा:

अ) डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाइल, काढून तो होस्टच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा.
आ) विंडोज गेस्टमध्ये बिटलॉकर (डिस्कचे कूटलेखन) चालू असेल, तर रिकव्हरी की लिहून घ्या आणि संरक्षण तात्पुरते स्थगित करा, आभासी टीपीएम किंवा फर्मवेअर बदलताच ती की मागितली जाते.
इ) गेस्टची डिस्क वाढवायची असल्यास ती आत्ताच वाढवा. स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवणे काही प्रणालींमध्ये शक्यच नसते.
ई) व्हीएम पूर्ण बंद करा, संपूर्ण व्हीएमची प्रत होस्टबाहेर काढा आणि शेवटी स्नॅपशॉट घ्या.

चालू व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला तर त्यातील डेटाबेसची अवस्था अचानक वीज गेलेल्या यंत्रासारखी असू शकते. बंद करायला पाच मिनिटे लागतात आणि दिवसअखेर झाल्यानंतर ती पाच मिनिटे कोणीही देईल.

४. क्लोनवर रंगीत तालीम

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे. प्रतीवरून दुसरा व्हीएम, म्हणजे क्लोन, उभा करा आणि संपूर्ण अपग्रेड आधी त्यावर करा. किती वेळ लागला, कोणते प्रश्न विचारले गेले आणि काय मोडले, हे वहीत लिहा.

क्लोन सुरू करण्याआधी त्याचे नेटवर्क कार्ड काढून ठेवावे, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन यंत्रे जाळ्यात येतात. अपग्रेडसाठी इंटरनेट लागते म्हणून नंतर कार्ड नॅटवर, म्हणजे होस्टच्या आडून इंटरनेट देणाऱ्या जोडणीवर, जोडावे लागते. पण त्याआधी क्लोनमधील ठरावीक वेळेची सर्व कामे, म्हणजे क्रॉन आणि टास्क शेड्युलर, बंद केलीच पाहिजेत. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेत हे विसरलो. संध्याकाळी सहा वाजता क्लोनने आपले रोजचे काम इमानाने केले आणि पिग्मी भरल्याचा संदेश सभासदांना दुसऱ्यांदा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर पासबुके घेऊन उभी राहिलेली माणसे आणि त्यांना एकेकाला समजावणारी कारकून बाई मी विसरलेलो नाही. पैसे कुणाचेच गेले नव्हते, पण संस्थेवरचा विश्वास अशा एका संदेशानेही हलतो.

*इशारा:* तालमीत यश आले म्हणून अपग्रेड झालेला क्लोनच कामाला लावू नका. तालीम सुरू झाल्यानंतर मूळ व्हीएममध्ये झालेल्या नोंदी त्यात नसतात.

५. गेस्ट स्वच्छ करा

प्रथम काहीही न बदलता व्हीएम एकदा रीस्टार्ट करा. शेकडो दिवस न थांबलेल्या यंत्रणेत जुने दोष दडलेले असतात आणि ते अपग्रेडनंतर उघड झाले की दोष अपग्रेडला दिला जातो. रीस्टार्ट नीट झाल्यावर चालू आवृत्तीचे सगळे प्रलंबित अपडेट पूर्ण करा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

त्यानंतर लिनक्स गेस्टमध्ये बूट विभागातील, म्हणजे यंत्रणा सुरू करणाऱ्या फाइलच्या विभागातील, जागा पाहा. हा विभाग वेगळा आणि लहान असेल, तर जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा) तो भरलेला असतो. चालू कर्नल आणि त्याआधीचा एक ठेवून बाकीचे पॅकेज व्यवस्थापकातूनच काढा. फाइल हाताने पुसू नका. मोकळ्या जागेबरोबर आयनोडची (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदींची) संख्याही पाहा, कारण लाखो बारीक फाइल असतील तर जागा असूनही लिहिता येत नाही. रोखून धरलेली पॅकेजेस आणि बाहेरच्या रिपॉझिटरींची, म्हणजे पॅकेजेस पुरवणाऱ्या ठिकाणांची, यादी लिहून घ्या. उबंटूचे अपग्रेड त्या रिपॉझिटरी आपोआप बंद करते आणि नंतर त्या एकेक करून परत चालू कराव्या लागतात.

एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्कची नावे एसडीए, व्हीडीए अशी लिहिली असतील, तर ती यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायम ओळखक्रमांकाने, बदला. डिस्कचा आभासी कंट्रोलर बदलताच ही नावे बदलतात. होस्टचे शेअर केलेले फोल्डर किंवा यूएसबी डिस्क तिथे नोंदलेली असेल, तर तिला 'नोफेल' (न मिळाल्यास थांबू नको) हा पर्याय जोडा. नव्या कर्नलसाठी गेस्ट ॲडिशन्सचे (होस्टशी जुळवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचे) मॉड्यूल तयार झाले नाही, तर अशी एक ओळ दीड मिनिट वाट पाहायला लावून यंत्रणेला इमर्जन्सी मोडमध्ये नेते.

व्हीएम कधी क्लोन केलेला किंवा दुसऱ्या होस्टवरून आणलेला असेल, तर ग्रब, म्हणजे यंत्रणा सुरू करणारा प्रोग्राम, कोणत्या डिस्कवर बसवायचा याची पॅकेजमधील नोंद तपासा. तिचे महत्त्व सातव्या पायरीत कळेल.

६. प्रत्यक्ष अपग्रेड: कन्सोलवरून आणि घड्याळ लावून

अपग्रेड व्हीएमच्या कन्सोलवरून करावे. एसएसएचवरूनच, म्हणजे दूरस्थ जोडणीवरूनच, करणे भाग असेल, तर स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी साधने) करावे. उबंटूचे अपग्रेड साधन अशा वेळी १०२२ या पोर्टवर दुसरी एसएसएच सेवा उघडू पाहते, पण फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद असेल तर तिचा उपयोग नाही.

सुरू करण्याआधी परतीची वेळ ठरवून ती फळ्यावर लिहा. तालमीला दोन तास लागले असतील आणि काउंटर सकाळी दहाला उघडत असेल, तर रात्री बाराला निर्णय: तोवर यंत्रणा उभी नसेल, तर स्नॅपशॉटवर परत जायचे. ही वेळ आधी न ठरवल्यास माणूस पहाटे चारपर्यंत 'आता होईल' म्हणत बसतो.

मध्ये येणारा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कॉन्फिगरेशन फाइल ठेवायची की बदलायची हा असतो. आधी फरक पाहण्याचा पर्याय निवडा. डेटाबेस, एसएसएच आणि वेब सर्व्हर यांच्या तुम्ही बदललेल्या फाइल शक्यतो तशाच ठेवा आणि नव्या फाइल नंतर शांतपणे ताडून पाहा. शेवटी जुनी पॅकेजेस काढू का, असे विचारले जाते. डेटाबेस व्हीएममध्ये त्याला 'नाही' म्हणा. पोस्टग्रेस या डेटाबेसची जुनी आवृत्ती आणि तिच्यात अडकलेला डेटा अजून हलवायचा असतो.

*तपासणी:* पडदा थांबला तर वीस मिनिटे काहीही दाबू नका. होस्टवरून त्या व्हीएमचा प्रोसेसर आणि डिस्कचा वापर पाहा. हालचाल असेल तर काम चालू आहे. काहीच हालचाल नसेल तर एखादा प्रश्न पडद्याआड उत्तराची वाट पाहत असतो किंवा होस्टवरील जागा संपलेली असते.

७. अडकले तर: पडदा वाचा, मग थर ओळखा

पहिले काम एकच: मोबाइलने पडद्याचा फोटो घ्या.

एकदा रात्री निपाणीकडून फोन आला. "सर, करंट आहे, मशीन पण चालू आहे, पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात काहीतरी आलंय." फोटोत दोनच ओळी होत्या: एक सिम्बॉल सापडत नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. तो व्हीएम दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या होस्टवरून उचलून आणलेला होता. ग्रबच्या नोंदीत जुन्या डिस्कचीच ओळख राहिली होती, म्हणून अपग्रेडने बूट विभागातील ग्रबचे भाग नवे केले, पण डिस्कच्या सुरुवातीचा तुकडा जुनाच राहिला आणि दोघांचे जुळेना. त्या पडद्यावरून डेटा गेला असे वाटते, प्रत्यक्षात डेटाला धक्काही लागलेला नसतो. आयएसओवरून लाइव्ह यंत्रणा सुरू करून, मूळ डिस्क माउंट करून, सीएचरूट करून (त्या डिस्कवरील यंत्रणेत शिरून) ग्रब संपूर्ण डिस्कवर (विभागावर नव्हे) पुन्हा बसवला आणि पॅकेजमधील नोंदही दुरुस्त केली. चाळीस मिनिटांत खाती उघडली. ती नोंद दुरुस्त केली नसती, तर पुढच्या अपडेटला तोच पडदा परत आला असता.

इतर पडदे असे ओळखावेत.

इनिटरामएफएसचा (सुरुवातीच्या छोट्या तात्पुरत्या यंत्रणेचा) प्रॉम्प्ट. तिथे बीएलकेआयडी ही डिस्क दाखवणारी आज्ञा द्या. काहीच दिसले नाही तर कर्नलला डिस्कच दिसत नाही. व्हीएम बंद करून डिस्कचा कंट्रोलर पूर्वीच्या प्रकारावर न्या. डिस्क दिसली तर यूयूआयडी जुळत नाही किंवा फाइलप्रणालीची तपासणी हवी आहे, आणि तसे वर लिहिलेलेही असते.

कर्नल पॅनिक, मूळ फाइलप्रणाली माउंट होत नाही. बहुतेक वेळा बूट विभाग भरल्यामुळे नवी इनिटरामएफएस तयार झालेली नसते. ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुन्या कर्नलने सुरू करा, जागा करा, इनिटरामएफएस पुन्हा तयार करा.

पॅकेजेस मध्येच तुटली. अपग्रेड पुन्हा सुरू करू नका. आधी डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला राहिलेली सर्व पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगा, मग एपीटी या पॅकेज व्यवस्थापकाला तुटलेली अवलंबने जुळवायला सांगा. नेमके कोणते पॅकेज अडले हे व्हार-लॉगमधील डिस्ट-अपग्रेड फोल्डरात मिळते. त्यात शेवटच्या ओळीऐवजी पहिली त्रुटी शोधा. पुढच्या बहुतेक त्रुटी तिच्यातूनच आलेल्या असतात.

यंत्रणा उठली, पण नेटवर्क नाही. कार्डाचा किंवा मशीनचा प्रकार बदलल्याने इंटरफेसचे नाव बदललेले असते, अथवा नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये कार्डाचा जुना मॅक पत्ता लिहिलेला असतो. प्रत्यक्ष नाव पाहून फाइल दुरुस्त करा.

विंडोज मागे फिरले. त्रुटी सी१९००१०१ ने सुरू होत असेल तर ड्रायव्हरचा दोष समजावा. जुनी गेस्ट टूल्स आणि अँटिव्हायरस काढून पुन्हा प्रयत्न करावा. ८००७००७० म्हणजे जागा नाही. पॅन्थर फोल्डरातील विंडोज सेटअपचे लॉग वाचणे किचकट वाटल्यास मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग हे साधन तेच लॉग वाचून कारण सांगते. डिस्क व्हर्टआयओवर (वेगवान आभासी कंट्रोलरवर) बदलल्यानंतर निळा पडदा आला, तर ड्रायव्हर बसवण्याआधीच कंट्रोलर बदलला गेला आहे. जुना कंट्रोलर परत द्या, ड्रायव्हर बसवा, मग बदला. बायोसवरून यूईएफआयवर जाताना आधी एमबीआरटूजीपीटी या साधनाने डिस्क रूपांतरित करा आणि त्यानंतरच व्हीएमचे फर्मवेअर बदला. हा क्रम उलटला तर यंत्रणेला डिस्क सापडत नाही.

८. लॉगिन आले म्हणजे काम संपले असे नाही

सेवांची यादी पाहून अयशस्वी सेवा शोधा, मग पुढील गोष्टी तपासा.

पोस्टग्रेसचे क्लस्टर, म्हणजे एका आवृत्तीचा डेटासंच, पाहा. उबंटू २०.०४ मध्ये आवृत्ती १२, २२.०४ मध्ये १४ आणि २४.०४ मध्ये १६ येते. अपग्रेडनंतर नवे रिकामे क्लस्टर बहुधा ५४३३ पोर्टवर उभे राहते आणि डेटा जुन्यातच असतो. नवे रिकामे क्लस्टर काढून जुने रीतसर अपग्रेड करावे.

आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची गोष्ट नावांच्या क्रमाची. ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले. त्यामुळे १८.०४ वरून २०.०४ वर किंवा सेंटओएस ७ वरून पुढच्या पिढीवर जाताना डेटाबेसची आवृत्ती तीच ठेवली आणि केवळ खालची यंत्रणा बदलली, तर मजकुरावरील जुने इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) चुकीचे ठरू शकतात. सभासदाचे नाव यादीत दिसते, पण शोधल्यावर मिळत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन नोंदी होऊ लागतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत नावे असलेल्या आपल्या याद्यांमध्ये हे हमखास पाहावे. सर्व मजकूर इंडेक्स पुन्हा बांधा आणि तिन्ही लिपींतली दहा-दहा नावे प्रत्यक्ष शोधून पाहा.

जुनी उपकरणेही त्याच दिवशी जोडून पाहा. उबंटू २०.०४ पासून टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) १.२ पेक्षा जुन्या जोडण्या मूळ स्थितीत नाकारल्या जातात, तर २२.०४ मधील ओपनएसएसएच जुन्या पद्धतीची एसएचए-१ आरएसए स्वाक्षरी स्वीकारत नाही. पिग्मी गोळा करणाऱ्याच्या हातातील जुने यंत्र किंवा फौंड्रीतील वजनकाट्याशी जोडलेला संगणक यामुळे अचानक जोडला जाईनासा होतो, आणि सर्व्हरवर सगळे हिरवे दिसत असते. पीएचपी भाषेतले वेब ॲप्लिकेशन असेल तर पीएचपी ७.४ वरून ८.१ आणि पुढे ८.३ असा बदल होतो, म्हणून पावती छापण्यापर्यंतचा एक संपूर्ण व्यवहार करून पाहा.

गेस्ट ॲडिशन्स, व्हीएमवेअर टूल्स किंवा क्यूईएमयू एजंट आता नव्या यंत्रणेसाठी अद्ययावत करा. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरच्या मॉड्यूलसाठी मोक कीची, म्हणजे मालकाच्या स्वाक्षरी-किल्लीची, नोंदणी लागते. ती मागणारा निळा पडदा पुढच्या रीस्टार्टला काही सेकंदच दिसतो, म्हणून तेव्हा कन्सोलवर हजर राहा.

एक पूर्ण दिवसअखेर आणि शक्य असल्यास एक आठवडा नीट गेल्यावर स्नॅपशॉट काढून टाका. विंडोज स्वतःची जुनी प्रत परतीसाठी साधारण १० दिवस ठेवते, तिच्या भरवशावर स्नॅपशॉट लगेच काढू नका आणि तो महिनोन्महिने ठेवूही नका. काढताना साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात. मोठ्या व्हीएममध्ये याला तासभरही लागतो आणि टक्केवारी बराच वेळ हलत नाही. हे काम सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करा आणि ते पूर्ण होईपर्यंत होस्ट बंद करू नका.